एकतीस कलमं

कामावर रुजू होऊन नववा दिवस. एप्रिल २०१६. साडेअकराच्या सुमाराला दिवाणी न्यायालयाचे बेलिफ जंगम जप्तीचं वॉरंट घेऊन कार्यालयाच्या दारात उभे राहिले. लघु पाटबंधारे तलावासाठी गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला सरकारने भरला नव्हता. म्हणून जीप, तीन संगणक, झेरॉक्स मशीन आणि साहेबांच्या दालनातल्या खुर्च्या जप्त करायच्या होत्या.

अव्वल कारकुनांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आता तुम्हीच बघा."

मला प्रकरणाचा नंबरही माहीत नव्हता. बेलिफ शांतपणे संगणकांवरचे नंबर उतरवून घेत होते आणि मी रस्त्याने जवळजवळ पळत न्यायालयात जाऊन सरकारी वकिलांना गाठत होते. दुपारच्या सत्रात त्यांनी मुदतीचा अर्ज दिला. चार आठवडे मिळाले. खुर्च्या जागेवर राहिल्या. त्या चार आठवड्यांत करायचं काय, हे मात्र कार्यालयात कुणालाच सांगता येईना.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही. दक्षिण कोकणातलं, भूसंपादनाचं, एवढं पुरे.

त्याआधी आठ वर्षं मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली केली होती. वाटपाचे दावे, कुळवहिवाटीची प्रकरणं, बांधावरची भांडणं. कोकणात जमीन थोडी आणि सातबाऱ्यावर नावं चाळीस. त्यातली निम्मी माणसं परळला नाहीतर विरारला. मग ‘विधी अधिकारी, कंत्राटी’ अशी जाहिरात आली. अकरा महिन्यांची नेमणूक, पुढे काम बघून मुदतवाढ. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, म्हणून बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागली. त्या दिवशी काळा कोट घडी करून ट्रंकेत ठेवताना आई काही बोलली नाही, पण तिने त्यात डांबराच्या दोन गोळ्या टाकल्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विधी अधिकारी म्हणजे सरकारच्या वतीने न्यायालयात बोलणारा. तसं नाही. न्यायालयात बोलतात ते सरकारी वकील. त्यांची नेमणूक विधि व न्याय विभाग करतो, १९८४ च्या नियमांप्रमाणे. विधी अधिकारी कार्यालयात बसतो आणि त्यांच्या हातात काय द्यायचं ते तयार करतो. दावा आला की त्यातल्या प्रत्येक परिच्छेदावर कार्यालयाचं म्हणणं लिहायचं. याला परिच्छेदनिहाय अभिप्राय म्हणतात. त्यावरून कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, तयार होते, त्याखाली साहेबांचं शपथपत्र जातं. निकाल विरुद्ध गेला तर अपील करावं की नाही, याचा अभिप्रायही विधी अधिकाऱ्यानेच आधी लिहायचा. म्हणजे सरकार न्यायालयात जे बोलतं, त्याचा पहिला कच्चा खर्डा एका टेबलावर होतो, आणि ते टेबल आता माझं होतं.

जुने अभिप्राय नमुन्यासाठी वाचायला घेतले आणि एकच वाक्य पानोपानी दिसू लागलं. ‘परिच्छेद क्र. ३ मधील मजकूर खरा नसून अमान्य आहे.’ परिच्छेद ४, अमान्य. परिच्छेद ५, अमान्य. एका प्रकरणात तर अर्जदाराने लिहिलं होतं की जमीन अमुक गावात आहे. तेही अमान्य. लिहिणाऱ्यांच्या मनात खोटं नव्हतं. हातात नोटीस, समोर शंभर फायली, तारीख परवाची. अमान्य लिहिलं की हात मोकळे होतात आणि पुढचं ओझं समोरच्यावर जातं. मीही पहिल्या आठवड्यात दोन प्रकरणांत तसंच लिहून दिलं होतं.

तलावाची फाईल अभिलेख कक्षात तिसऱ्या रॅकवर सापडली, लाल फडक्यात बांधलेली. आम्ही त्याला रुमाल म्हणतो. तीन दिवस मी तेवढंच वाचलं.

संपादन १८९४ च्या जुन्या कायद्याखालचं. ताबा मे १९९९ मध्ये घेतलेला, निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, २००१ चा. शेतकऱ्याने कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केला. तो कार्यालयाने न्यायालयाकडे पाठवायलाच काही वर्षं लावली. जून २०१५ मध्ये वरिष्ठ स्तर न्यायालयाने निकाल दिला. जमिनीचा दर वाढवला, आणि हापूसची तेरा नव्हे तर एकतीस कलमं होती असं धरून त्यांचे पैसे द्यायला सांगितलं. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी तीन महिने थांबते, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८२ प्रमाणे. ते तीन महिने केव्हाच संपले होते. उच्च न्यायालयात अपील करायला नव्वद दिवस असतात. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा धरले तरी तीही मुदत उलटून सहा महिने झाले होते. अपिलाचा प्रस्ताव तयार होता. तो कपाटात होता. ज्यांनी तयार केला त्यांची बदली झाली आणि नवीन माणसाला तो कुणी दाखवला नाही.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. विलंब माफीचा अर्ज तयार करा, अपील पाठवा, स्थगिती मिळवा. आणि अपिलाचा मुख्य मुद्दा हाच, की एकतीस कलमांना सरकारी दप्तरात कुठलाही आधार नाही. संयुक्त मोजणीवरून केलेल्या तक्त्यात तेरा लिहिलंय.

विलंब माफीचं शपथपत्र लिहायला बसले. उशीर का झाला, ते सांगायचं. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हा शब्द मी लिहिला आणि खोडला. २०१२ मध्येच पोस्ट खात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की मुदतीचा कायदा सरकारलाही तितकाच लागू आहे, फाईल फिरत राहिली हे कारण चालणार नाही. खरं कारण लिहायचं तर फाईल कुठून कुठे गेली ते दाखवावं लागणार होतं. म्हणून मी आवक-जावक नोंदवह्या काढल्या, मूळ निवाड्याची कागदपत्रं काढली. तिथे, तक्त्याच्या खाली, दोन पानं चिकटलेली निघाली. पाण्याने भिजून सुकलेली. मी ती टेबलावर उन्हात ठेवली आणि पट्टीने हळूहळू सोडवली.

झाडांचा पंचनामा. १९९८ चा. तलाठी, कृषी खात्याचे अधिकारी आणि गावातले दोन पंच यांच्या सह्या. हापूस कलमं, प्रत्येकाचा बुंध्याचा घेर, अंदाजे वय. खाली बेरीज, ३१.

तक्ता करताना कुणीतरी आकडे उलटे उतरवले होते. ३१ चे १३. त्या एका चुकीवर इतकी वर्षं सरकार शपथेवर सांगत होतं की हा माणूस खोटं बोलतोय. त्याच्या उलटतपासातले प्रश्न मी वाचले. ‘तुम्ही जास्त पैसे मिळावेत म्हणून झाडांची संख्या वाढवून सांगत आहात, हे खरं ना?’ त्याने उत्तर दिलं होतं, ‘हे खरं नाही.’ ते वाक्य वाचून मला घरी जाईपर्यंत कुणाशी बोलवलं नाही.

मे महिन्यात मी ती जागा बघायला गेले. जायची सक्ती नव्हती. विधी अधिकाऱ्याने टेबल सोडावं असं कुठे लिहिलेलं नाही. तलावाचं पाणी खाली गेलं होतं, कडेची माती भेगाळलेली. आजोबा, अर्जदार, काठी टेकत आले. सत्तरी ओलांडलेली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "बाय, तू सरकारची ना? मगे हय कित्याक इलंस?"

मी म्हटलं, "आजोबा, झाडं कुठे होती ते दाखवा."

त्यांनी काठीने दाखवलं. उतारावर, चिखलात, काळी खोडं ओळीने उभी होती. काही गुडघ्याएवढी, काही नुसती मुळं. पावसाळ्यात पाण्याखाली जातात, मेमध्ये पुन्हा वर येतात. मी मोजायला लागले. पंचवीसपर्यंत आले आणि पुढे पाणी होतं. आजोबा म्हणाले, बाकीची खाली आहेत, दरवर्षी दिसत नाहीत. बापाने लावलेली, पाणी घालायला आईने विहिरीपासून खांद्यावरून कळशा आणलेल्या.

आमच्याकडे कलम म्हणजे झाड, कायद्यात कलम म्हणजे तरतूद. त्या फाईलीत दोन्ही होती आणि इतकी वर्षं आम्ही फक्त एकच वाचलं होतं.

कार्यालयात परतून मी अभिप्राय लिहायला घेतला. भावनेवर तो टिकला नसता, म्हणून आधी हिशोब मांडला. जुन्या कायद्याप्रमाणे वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि नंतर दरवर्षी पंधरा टक्के व्याज. मे १९९९ ते मे २०१६, सतरा वर्षं. पहिल्या वर्षाचे नऊ, पुढच्या सोळा वर्षांचे दोनशे चाळीस. एकूण २४९ टक्के. म्हणजे न्यायालयाने मोबदला एक रुपयाने वाढवला की नुसतं व्याजच जवळजवळ अडीच रुपये. शिवाय जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची तीस टक्के दिलासा रक्कम, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘सुंदर’ नावाच्या खटल्यात दिलेल्या निकालानंतर त्या दिलासा रकमेवरही व्याज. अपील दाखल करून ते दहा वर्षं पडून राहिलं आणि शेवटी हरलो, तर आणखी दीडशे टक्के. हा पैसा जाणार होता तो करदात्यांचाच. मग दुसरा भाग: मूळ पंचनामा जोडत आहे, त्यात ३१ कलमं नमूद आहेत, सबब निकालातील निष्कर्ष शासनाच्याच अभिलेखाशी सुसंगत आहे. आणि शेवटची ओळ: ‘सदर प्रकरण अपील दाखल करण्यास योग्य नाही, असे नम्र मत आहे.’

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, अपील केलं तर मला कुणी विचारणार नाही. नाही केलं तर लेखापरीक्षणात पहिला प्रश्न मलाच. तो कोण झेलणार?"

सरकार इतकी अपिलं का करतं, हे मला त्या दिवशी नीट कळलं. हट्ट नसतो. अपील केल्याबद्दल कुणाची चौकशी होत नाही, न केल्याबद्दल होऊ शकते. म्हणून सही करणारा माणूस सुरक्षित बाजू धरतो. त्याची भीती खोटी नाही. म्हणून त्याच्या हातात असा कागद द्यावा लागतो की दहा वर्षांनी कुणी विचारलं तर तो पुढे करता येईल. मी म्हटलं, सर, अभिप्रायावर माझी सही आहे, हिशोब सोबत आहे, पंचनाम्याची प्रत सोबत आहे. त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि ‘शिफारशीसह सादर’ असं लिहून सही केली. त्यांच्या त्या सहीचं मोल मी आजही मानते. सरकारी वकिलांनीही तसंच मत दिलं. जूनमध्ये प्रकरण मंत्रालयात विधि व न्याय विभागाकडे गेलं.

इथे मला माझी चूक सांगायला हवी, कारण ती याच दिवसांतली आहे.

मी तलावाच्या फाईलीत इतकी बुडाले होते की दुसऱ्या एका दाव्याचं समन्स माझ्या टेबलावर मेपासून होतं आणि मी ते मागे सरकवत गेले. समुद्राकाठच्या एका गावातली पाखाडी. वस्तीतून किनाऱ्यावर उतरणारी चिऱ्यांची पायवाट. बाजूची जमीन विकत घेणाऱ्याने तिच्यावर लोखंडी गेट बसवलं. तहसीलदारांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढायचा आदेश दिला, आणि त्या आदेशाविरुद्ध मालक दिवाणी न्यायालयात गेला. त्याआधी, सरकारवर दावा करण्यापूर्वी द्यावी लागते ती कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही आली होती. तिला उत्तर गेलं नव्हतं. कैफियत द्यायला तीस दिवस, फार तर नव्वद. तालुक्याहून अभिप्राय येईना, मी दोन स्मरणपत्रं पाठवून गप्प बसले. फोन उचलून बोलले नाही, स्वतः गेले नाही. नव्वद दिवस उलटले. दावा कैफियतीविना पुढे चालला आणि तात्पुरता मनाई हुकूम झाला. गेट राहिलं.

एक ऑगस्टला मासेमारीबंदी उठली. होड्या समुद्रात गेल्या, आणि मासे घेऊन येणाऱ्या बायकांना पाखाडी सोडून डांबरी रस्त्याने वळसा घालावा लागला. डोक्यावर पाट्या, वरून पाऊस. त्यांतल्या तिघी एका बुधवारी कार्यालयात आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. एकीने एवढंच विचारलं, की आमच्या बाजूने सरकार आहे असं तहसीलदार म्हणाले होते, मग न्यायालयात आमच्या बाजूने कुणी बोललं का नाही?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका फाईलीत सरकारने नको तितकं नाकारलं होतं, आणि दुसऱ्या फाईलीत नाकारायची गरज होती तिथे मी वेळेवर तोंड उघडलं नव्हतं.

त्यानंतरचं काम मी कुणावर सोपवलं नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गाव नकाशाची प्रमाणित प्रत काढली. पाखाडी त्यावर तुटक रेषेने दाखवलेली होती, थेट भरतीरेषेपर्यंत. गावातल्या वृद्धांची शपथपत्रं घेतली, एक रापणीवाले, एक पूर्वी पोस्टात असलेले. सरकारी वकिलांनी खर्चाची रक्कम भरून कैफियत दाखल करून घेण्याचा अर्ज दिला. न्यायालयाने तो मंजूर केला, खर्च लावून. जानेवारीत मनाई हुकूम उठला. पण ऑगस्ट ते जानेवारी या सहा महिन्यांचा वळसा त्या बायकांनी घातला, तो माझ्यामुळे. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक साधी वही असते. डाव्या बाजूला समन्स मिळाल्याची तारीख, उजव्या बाजूला तिसावा आणि नव्वदावा दिवस, लाल शाईत. सकाळी चहाच्या आधी ती उघडते.

मंत्रालयातून उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला: अपील करण्यात येऊ नये. मग पैसे. ते पाटबंधारे खात्याने भरायचे, त्यांच्याकडे तरतूद नाही, मागणी पुढच्या हप्त्यात. दरम्यान दर तारखेला आम्ही न्यायालयात प्रगती सांगत होतो आणि व्याज चढत होतं. मार्च २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात रक्कम न्यायालयात जमा झाली. त्या काळात मी दोनदा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले, पिशवीत फाईल उशाला घेऊन. आता रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली प्रकरणं कोल्हापूरला जातात. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. घाट चढून सकाळी जायचं, संध्याकाळी परत. पावसात दरड कोसळली की अडकायला होतं, तरी म्हाताऱ्या पक्षकाराला हे अंतर झेपतं. मुंबई झेपत नव्हती.

आजोबा जूनमध्ये कार्यालयात आले. पैसे सातबाऱ्यावरच्या चौदा हिस्सेदारांत वाटले गेले होते; त्यांच्या वाट्याला आले त्यात घराचं छप्पर झालं, एवढंच त्यांनी सांगितलं. ते कामासाठी आले होते.

"बाय, माका त्या कागदाची नक्कल गावात काय? जेच्यात एकतीस लिवलेली हत."

मी अर्ज लिहून दिला, त्यावर पाच रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, नक्कल फी भरून घेतली. आठवड्याने ते पुन्हा आले. अव्वल कारकुनांनी ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारून, सही करून कागद त्यांच्या हातात दिला. ते माझ्या टेबलासमोर बसले, चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. एकेक झाड बोटाखालून जात होतं. ओठ हलत होते. मी दुसरं काम बाजूला ठेवलं.

सतराव्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यो रायवळ," ते म्हणाले. "हापूस न्हय. बांधावरचो. मी तेवाच सांगितलंय तलाठ्याक. आता दुरुस्त करूक जमात काय?"

मी सांगितलं, आजोबा, आता प्रकरण संपलंय, मूळ कागदाला हात लावता येणार नाही.

त्यांनी मान हलवली. मग माझ्या टेबलावरचं पेन मागितलं, आणि आपल्या नकलेवर सतराव्या ओळीपुढे, समासात, सावकाश ‘रायवळ’ असं लिहिलं.